हिरव्या चौकटीतला उन्हाळा

चैत्र सरत आला की धुळ्याचा वारा एका दिवसात बदलतो. काल अंगाला नुसता लागत होता, तो आज चावायला लागतो. पांझरेच्या पात्रातली वाळू उडून देवपुरातल्या आमच्या खिडकीच्या गजांवर बसते, कडुनिंबाचा मोहोर पायरीवर सांडतो, आणि वर्तमानपत्रात पाण्याच्या अंदाजाचा नकाशा छापून येतो. यंदाही आला. सगळा मुलूख बारीक चौकोनांत कापलेला, आणि येत्या दोन महिन्यांत कुठे कसं पाणी राहील ते सांगणारा एकेक रंग प्रत्येक चौकोनात भरलेला. सूनबाईने बोट फिरवत आमचा चौकोन शोधला.

"आई, आपण हिरव्यात आहोत," ती आनंदाने म्हणाली.

तिचं काही चुकलं नाही. पण मी कागद तिच्या हातून घेतला आणि घडी घालून बाजूला ठेवला, आणि ती घडी जरा जोरातच घातली गेली असावी, कारण ती माझ्याकडे बघतच राहिली. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा एक राग तीसेक वर्षांत निवलेला नाही. दर उन्हाळ्यात तो कडुनिंबासारखा नवा मोहोर घेऊन येतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. माझं लग्न व्हायचं होतं आणि साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्याही पुढे, बोरझिरी नावाच्या गावात मी शाळेत शिकवत होते. गाव एक, पण वस्त्या दोन. वरली बोरझिरी आणि खालली बोरझिरी. दोन्हींच्या मध्ये काळ्या दगडाची एक लांबलचक रांग उभी. कोणी हाताने रचलेल्या भिंतीसारखी ती सरळ शेतांमधून जात होती आणि पार दिसेनाशी होईपर्यंत कुठेही वळत नव्हती. त्या भागात अशा रांगा पुष्कळ आहेत. रांगेच्या वरच्या अंगाला विहिरीत वैशाखातही पाणी असायचं. खालच्या अंगाला होळी झाली की विहिरीचा तळ दिसायचा.

माझी शाळा खालच्या वस्तीत होती. खोलीही तिथेच, जिजाअक्काच्या घराला लागून. जिजाअक्का तेव्हा पन्नाशीची असेल. नवरा आणि मुलगा कोरडवाहू शेत करायचे, आणि ही बाई घर, गोठा, शेत आणि वस्तीतली अर्धी भांडणं सांभाळायची. मी राहायला आले त्या दिवशी तिने माझी कळशी स्वतःच्या हंड्यांच्या ओळीत नेऊन ठेवली आणि म्हणाली, "बाई, आतेपाईन तुन्ही कळशी आमनामा." त्यानंतर माझ्या पाण्याची काळजी मी कधी केली नाही. ती केली जिजाअक्काने.

आणि नकाशातल्या या चौकटी आणल्या होत्या माझ्या सख्ख्या भावाने. त्याने एकट्याने नव्हे, पण आणणाऱ्यांत तो होता. भाऊ धुळ्याला भूजलाच्या एका कार्यालयात नोकरीला होता. त्या काळी प्रत्येक तालुका आपापल्या पद्धतीने पाणी मोजायचा. कोणी विहिरीच्या काठापासून मोजायचा, कोणी जमिनीपासून. कोणी होळीला, कोणी अक्षय्यतृतीयेला. एरंडोलचा आकडा साक्रीच्या आकड्याशेजारी ठेवायची सोय नव्हती. मग टँकर जायचा कुठे? ज्या गावाचा पुढारी मोठ्याने बोलेल तिथे. भाऊला याची चीड होती. माझं माहेर एरंडोलचं. पुढाऱ्याच्या गल्लीत पाणी येतं आणि शेजारच्या गल्लीत येत नाही, हे आम्ही दोघांनी लहानपणीच पाहिलं होतं.

म्हणून ठरलं की साक्रीचा आणि एरंडोलचा अशा दोन्ही जिल्ह्यांवर सारख्या मापाच्या चौकटींची जाळी टाकायची. प्रत्येक चौकटीत एक विहीर नेमायची, सगळीकडे एकाच पद्धतीने मोजायचं, पाऊस, माती, उतार, उपसा अशी सगळी माहिती चौकटीचौकटीने संगणकात भरायची, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या चौकटीत पाणी किती राहील याचा अंदाज काढायचा. अंदाज यंत्र सांगायचं, पण रंग हातानेच भरायचे. दिवाळीच्या सुट्टीत मी धुळ्याला गेले तेव्हा भाऊने घरच्या फरशीवर नकाशा पसरला होता. हिरव्या, पिवळ्या, तांबड्या पेन्सिली. वहिनी मांडे करत होती, तूप-गुळाचा वास घरभर, आणि भाऊ पोटावर पालथा पडून रंग भरत होता. मीही शेजारी पालथी पडले.

"शैला, आता कोणाचा वशिला नाही," तो म्हणाला होता. "चौकटीला जात नाही, पक्ष नाही. तापीकाठ असो नाहीतर पिंपळनेर, माप एकच."

मला ते फार आवडलं होतं. अजूनही ते वाक्य मला खोटं वाटत नाही. माझा राग त्या जाळीवर कधीच नव्हता. शाळामास्तरणीला चौकोनी वहीचा राग कसा येईल? सारखं माप नसेल तर गरिबाने न्याय मागायचा कशाच्या आधाराने? पण माप हातात आलं की काही माणसांना वाटतं, आता डोळ्यांची गरज संपली.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात खालच्या वस्तीची विहीर होळीच्या आधीच आटली. दर साली असं झालं की टँकर सुरू व्हायचा. पाण्याला गंजाचा वास असायचा, पण पाणी असायचं. त्या वर्षी टँकर आला नाही. ग्रामसेवक तालुक्याला जाऊन आला आणि म्हणाला, बोरझिरी हिरव्या चौकटीत आहे, हिरव्या चौकटीत टँकर मिळत नाही. लोकांना आधी कळेचना. एक म्हातारा मला विचारायला आला, "बाई, हाई चौकट कोठे शे? आमना शिवारमा ते नई दखाई राहिनी." मी त्याला फळ्यावर जाळी काढून दाखवली. दोन्ही वस्त्या, काळ्या दगडाची रांग, वरची भरलेली विहीर आणि खालची कोरडी विहीर, सगळं एकाच चौकोनात बसत होतं. चौकटीत नेमलेली विहीर वरच्या वस्तीची होती. ती भरलेली, म्हणून चौकट भरलेली. म्हाताऱ्याने फळ्यावरच्या खालच्या विहिरीवर बोट ठेवलं, मग वरच्या विहिरीवर, आणि गेला. मला वाटतं, त्याला समजलं होतं.

त्या उन्हाळ्यात खालच्या वस्तीत बाजांवर वाळवण दिसलं नाही. बिबडे करायला ज्वारी भिजवावी लागते, शिजवावी लागते, पाणी कुठलं? मोहाच्या फुलांचा गोडसर वास तेवढा हवेत होता. जनावरं अंगणात नुसती उभी असायची. सकाळच्या शाळेत मुलं यायची ती तोंड न धुता, आणि मी त्यांना नखं, दात, केस तपासण्याचं सोडून दिलं होतं. सरकारी पुस्तकात स्वच्छतेचा एक धडा होता. तो मी त्या वर्षी शिकवला नाही.

बायका रांग ओलांडून वरच्या विहिरीवर जायला लागल्या. पहिले काही दिवस वरच्या लोकांनी भरू दिलं. सोयरीकच होती सगळी. जिजाअक्काची मुलगी सुमन वरच्या वस्तीतच दिलेली. पण एका वस्तीची विहीर दोन वस्त्या पिऊ लागल्या आणि पाणी खाली खाली जायला लागलं. वरचे लोकही घाबरले. त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. विहीर त्यांची होती आणि भीती खरी होती.

त्या सकाळी मी जिजाअक्काबरोबर होते. विहिरीच्या काठावर वरच्या बायका ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्यात सुमन होती. मागे तिची सासू. जिजाअक्काने दोर सोडायला हात पुढे केला, तेव्हा सुमन एक पाऊल पुढे आली. मान खाली.

"माय, आज नको भरू."

"का वं?"

"आठला लोके सांगतस, आते खालनासले नई भरू देवानं." तिने मागे सासूकडे बघितलं. "तू जाय ना, माय."

जिजाअक्काने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं ही आता साऱ्या विहिरीला शिव्या घालील. तिची जीभ सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. तिने फक्त हंडा उचलला, रिकामाच डोक्यावर ठेवला आणि वळली. खाली आल्यावर म्हणाली, "मन्ही पोरना तोंडतून हाई काढी लिनं. कोनी काढी लिनं, बाई? नाव सांग."

नाव मी काय सांगणार? मी म्हटलं, "अक्का, धुळ्याला जाऊ."

शाळेला सुट्टी लागली त्याच आठवड्यात आम्ही गेलो. वस्तीतल्या बायका, त्यांचे रिकामे हंडे आणि मी. एस.टी.च्या कंडक्टरने हंड्यांचं तिकीट मागितलं नाही; कशासाठी चाललोत ते त्याने विचारलं आणि हंडे स्वतः मागे नीट लावून दिले. भाऊच्या कार्यालयात शिरलो तर आत गारवा. खिडकीत मोठा कूलर घरघरत होता, वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपत होतं आणि खाली फरशीवर थेंब थेंब गळत होतं. जिजाअक्का भाऊच्या साहेबांच्या टेबलाकडे गेलीच नाही. आधी कूलरपाशी गेली.

"बाई, हाई बी पानी पेस?"

"हो अक्का. दिवसातून बऱ्याचदा भरावा लागतो."

साहेब उद्धट नव्हते. उद्धट असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्यांनी बायकांना बसायला सांगितलं, शिपायाला पाणी द्यायला सांगितलं. बायकांनी कोपऱ्यातला माठ रिकामा केला. शिपायाने तो दुसऱ्यांदा भरून आणला. मग साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पेन्सिल नेली.

"हे बघा बाई, तुमचं गाव इथे. ही चौकट. पुढचे दोन्ही महिने पाणी पुरेल असा अंदाज आहे. आणि हा कोणाच्या मनचा नाही, शास्त्रीय अंदाज आहे."

"साहेब, ती विहीर रांगेच्या वर आहे. आम्ही खाली राहतो," मी म्हणाले.

"चौकट एकच आहे ना?"

जिजाअक्का उठली. पदर नीट केला. "सायेब, चौकटमा पानी शे ना? मंग चौकटमाईन काढी द्या. आमना हंडा तयार शेतस."

कोणीतरी बाई हसली. साहेबही हसले. त्या हसण्याने माझी कानशिलं तापली. भाऊ दारात उभा होता. तो पुढे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, जाळी दोन जिल्ह्यांची तुलना करण्यासाठी केली आहे. एका वस्तीचा निर्णय तिच्यावरून घेऊ नये, हे मी बैठकीतही सांगितलं होतं. त्या रांगेचा दगड जमिनीखालीही भिंतीसारखा गेलेला असतो. वरचं पाणी अडतं, खाली येत नाही. आपल्या अंदाजात ती भिंत धरलेलीच नाही."

साहेब म्हणाले, "एका वस्तीसाठी चौकट मोडायची का? उद्या प्रत्येक वस्ती येईल."

येईल! आली तर काय बिघडेल? ज्या खात्याची नेमणूकच तहानलेल्यांसाठी झाली, तिथे तहानलेले आले तर ते संकट कसं? हे मी तेव्हा बोलले नाही. सुचलंच नाही, इतका राग होता. आता दर उन्हाळ्यात भांडी घासताना बोलते.

तरी साहेब एवढं कबूल झाले की येऊन पाहतो. आणि आले. जीप वरच्या वस्तीत थांबली. दगाआबांनी, म्हणजे वरच्या वस्तीच्या म्हाताऱ्या पुढाऱ्यांनी, अंगणात बाज टाकली. नेमलेल्या विहिरीत फीत सोडली गेली. पाणी होतं. गेल्या महिन्यापेक्षा खाली गेलेलं, पण होतं. साहेबांनी आकडा लिहून घेतला आणि ते ताक प्यायला बाजेवर बसले.

मी रांगेकडे हात केला. "साहेब, एवढी रांग ओलांडा. समोर दिसतेय आमची विहीर."

"बाई, नेमलेली विहीर एकच असते. आज ही, उद्या ती, असं मोजत गेलो तर मागच्या सालाशी ताळा कसा बसणार?"

माझ्या बोलण्याची वाट न पाहता भाऊ फीत घेऊन निघाला. भर दुपार. दगड असे तापलेले की चप्पल मऊ पडायची. मी त्याच्या मागे. खालच्या विहिरीत त्याने फीत सोडली तेव्हा तिचं टोक तळावर टणकन वाजलं. वस्तीतली माणसं काठावर जमली होती. तो फीत गुंडाळायला लागला. परत जाऊन त्याने साहेबांना सांगितलं, विहीर कोरडी ठाक आहे. साहेब म्हणाले, "ठीक आहे, शेरा देऊ." जीप गेली. तो शेरा कुठे गेला कोण जाणे. टँकर काही आला नाही.

त्याच दिवसांत तिकडे तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात चौकटी तांबड्या होत्या. तांबड्या म्हणजे नवीन बोअरला मनाई. भाऊच सांगायचा, तिथे खोदायची यंत्रं एका शेतातून दुसऱ्या शेतात जात होती आणि कोणी त्यांना रंग विचारत नव्हतं. म्हणजे तांबडा रंग ज्यांना थांबवायला हवा होता त्यांना तो थांबवत नव्हता, आणि हिरवा रंग ज्यांना काहीच देत नव्हता त्यांना मात्र बांधून ठेवत होता. चौकटीला पक्ष नसतो, जात नसते, मान्य. पण चौकट वाचणाऱ्याला पाठीचा कणा असावा लागतो. तो संगणकात भरता येत नाही.

मी भाऊशी भांडले. धुळ्याला, त्याच्या घरी, वहिनीच्या देखत. "तुझ्या जाळीने माझी वस्ती मारली," म्हणाले. तो म्हणाला, "जाळी नसती तर तुझ्या वस्तीचं नावही कुणाला माहीत नसतं."

"आता माहीत होऊन काय मिळालं?"

ताटातली भाकरी तशीच ठेवून तो हात धुवायला उठला, आणि तांब्या हातात घेऊन मोरीत बराच वेळ तसाच उभा राहिला. तो माझ्याच बाजूचा माणूस होता. म्हणूनच बहुधा मी त्याच्यावर ओरडले. साहेबांवर ओरडता आलं नव्हतं.

जूनची वाट न बघता खालची वस्ती उठली. एकेक घर सुरतेकडे बांधकामावर गेलं. जनावरं पिंपळनेरच्या बाजारात गेली. जिजाअक्का निघाली त्या सकाळी रांगेवरून सुमन येताना दिसली. डोक्यावर भरलेला हंडा, अंग अर्धं भिजलेलं. सासूला विचारून आली की न विचारता, मी विचारलं नाही. तिने तो हंडा आईच्या पायाशी ठेवला आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. जिजाअक्काने त्यातलं पाणी प्रवासाच्या डब्यांत भरलं आणि उरलेलं माझ्या कळशीत ओतलं. मी नको नको म्हणत होते. "ठेव," ती म्हणाली, "तू आठेच ऱ्हाई राहिनी ना."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पटावर नावं होती आणि वर्गात मुलं नव्हती. पाऊस त्या वर्षी बरा झाला. खालच्या विहिरीतही पाणी आलं, स्वच्छ, काठोकाठ. ते प्यायला वस्तीत दोन म्हाताऱ्यांशिवाय कोणी नव्हतं. दिवाळीआधी शाळा वरच्या वस्तीतल्या शाळेत मिळवली आणि माझी बदली झाली.

पुढच्या उन्हाळ्यात वरच्या विहिरीला खालच्या वस्तीचा भार उरला नव्हता. नेमलेल्या विहिरीचं पाणी अंदाजापेक्षाही वर राहिलं. जिल्ह्याच्या बैठकीत बोरझिरीची चौकट नमुना म्हणून दाखवली गेली: बघा, इतका अचूक अंदाज. भाऊ त्या बैठकीत होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, अंदाज खरा ठरला, कारण तिथली माणसं निघून गेली."

साहेब म्हणाले, "माणसं हा आपल्या खात्याचा विषय नाही."

हे वाक्य भाऊने मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघं पांझरेच्या पुलावर उभे होतो. त्याने नोकरी सोडली नाही. घर होतं, मुलं होती. पण त्यानंतर जिथे जिथे काळ्या दगडाची रांग चौकट कापत होती, तिथे रांगेच्या दोन्ही बाजूंना एकेक विहीर नेमून घ्यायला त्याने अनेक वर्षं डोकं फोडलं. काही ठिकाणी जमलं, काही ठिकाणी नाही. जिथे जमलं तिथे टँकर गेला. हे त्याच्या पदरात टाकलंच पाहिजे, आणि मी टाकते. पण बोरझिरीची खालची वस्ती परत भरली नाही, हेही खरंच आहे.

जिजाअक्का मला पुढे एकदा भेटली. नवापूरच्या स्टँडवर, मी एका लग्नाहून परतताना. तिच्या डोक्यावर तांबडा रुमाल बांधलेला होता, मुलाबरोबर सुमनकडे चालली होती. मी तिचे हात धरले. ते पूर्वीपेक्षा मऊ लागले. सिमेंटच्या घमेल्यांचं काम आता सुना करत होत्या. सुरतेत कसं आहे, विचारलं. पाणी आहे का?

"शे. नळ शे. पन आमनी वस्तीले नई, पलीकडला बंगलासले शे. रोज मांगनं पडस." मग ती थोडी पुढे झुकली. "एक सायेब उन्हता नकाशा लिसन. मी इचारं, भाऊ, ह्यामा आमी कोठे? तो म्हने, हाई वस्ती नकाशामा नईच शे."

तिच्या बसची घंटी वाजली. मुलाने हाक मारली. ती पायरीवर चढली आणि वळून मला म्हणाली, अगदी शांतपणे, कोणाला दोष न देता, जणू कुणाची खुशाली सांगावी तशी:

"आठे आमी कोनतीच चौकटमा नई, बाई."